गन शो, दुकान की ऑनलाइन लिलाव: अमेरिकेतील शस्त्रशौकिनाने शनिवार कुठे घालवावा

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहराच्या जत्रेच्या मैदानावर भरलेल्या गन शोमधून, म्हणजे बंदुका आणि त्यांच्या साहित्याच्या प्रदर्शन-विक्रीतून, दुपारी बाहेर पडणाऱ्यांच्या हातांकडे पाहिले, तर रायफल क्वचितच दिसते. जर्कीची, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांची, पिशवी, एखादा घडीचा चाकू, फार तर काडतुसांचा डबा, एवढीच खरेदी बहुतेकांची झालेली असते. जुने शौकीन त्याला ‘जर्कीचा बाजार’ म्हणून हिणवतात आणि पुढच्या वेळी दार उघडण्याआधी रांगेत तेच सर्वांत पुढे उभे असतात. ही विसंगती ढोंगातून आलेली नाही. काही वस्तूंच्या बाबतीत गन शो साफ मागे पडला आहे आणि काहींच्या बाबतीत त्याला आजही पर्याय सापडलेला नाही. शहरातले परवानाधारक दुकान, गनब्रोकरसारखे ऑनलाइन लिलाव आणि गन शो या तीन मार्गांपैकी कोणता मार्ग कशासाठी धरावा, हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि नेमबाजीची, शिकारीची किंवा जुन्या शस्त्रांची आवड असलेल्या मराठी वाचकाला ठरवता यावे, या हेतूने ही तुलना मांडली आहे.

आधी पात्रता

भारतातून आलेल्या अनेकांच्या बाबतीत सगळा प्रश्न इथेच निकालात निघतो, म्हणून हे आधी सांगणे भाग आहे. एच-1बी किंवा एफ-1 अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत प्रवेश केलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. कोणत्या तरी राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा या बंदीतला सर्वांत परिचित अपवाद आहे, पण तो आपल्याला नेमका कसा लागू होतो हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. नेमबाजीच्या मैदानावर तासाभरासाठी भाड्याने घेतलेले पिस्तूलही ‘बाळगणे’ या शब्दाच्या कक्षेत येते, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अशा व्हिसावरच्या माणसाने तिकीट काढून शोमध्ये फिरायला हरकत नाही. मात्र टेबलावरची रायफल उचलून पाहण्याचा मोह आवरावा आणि ‘स्वस्त आहे’ म्हणून काडतुसांचा डबा तर मुळीच घेऊ नये.

ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला खरेदी करता येते. ग्रीन कार्डधारकाने परवानाधारक विक्रेत्याकडच्या फॉर्म 4473 वर, म्हणजे बंदूकखरेदीच्या केंद्रीय अर्जावर, आपला एलियन क्रमांक (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) लिहायचा असतो. ज्याला स्वतः घेता येत नाही अशा मित्राच्या पैशाने त्याच्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणे हा केंद्रीय गुन्हा आहे आणि 2022 च्या कायद्याने त्यासाठी 15 वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे. मैत्रीत ‘अरे, तू फक्त सही कर’ असे सहज म्हटले जाते, म्हणून हे स्पष्ट लिहिले. आणखी एक सूचना जाता जाता करून ठेवतो. नेमबाजीला नेण्याची पिशवी भारतात जाताना सामानासाठी वापरू नये. कप्प्याच्या शिवणीत अडकलेले एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर प्रकरण 1959 च्या शस्त्र कायद्यापर्यंत जाऊ शकते.

शोचे वैभव कशावर उभे होते

1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरली गेलेली इटालियन कार्कानो रायफल शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवलेली होती आणि दुर्बिणीसह तिची जाहिरातीतली किंमत 19 डॉलर 95 सेंट होती. 1968 च्या गन कंट्रोल अॅक्टने राज्याबाहेरून परस्पर घरपोच बंदूक मागवण्याची ही सोय संपवली. 1986 च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अॅक्टने परवानाधारक विक्रेत्याला आपल्या राज्यातल्या गन शोमध्ये टेबल मांडून विक्री करण्याची मुभा दिली. त्याच सुमारास जुन्या लष्करी रायफलींची आयातही पुन्हा खुली झालेली होती. चीनमधून एसकेएस आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातून मोसिन-नागांत रायफली वंगणात माखलेल्या, लाकडी पेट्यांत भरलेल्या अशा येऊ लागल्या आणि शंभर डॉलरच्या आत टेबलांवरून विकल्या जाऊ लागल्या. ‘पूर्वीचे शो’ म्हणून जुनी मंडळी ज्यांची आठवण काढतात, ते याच पेट्यांच्या काळातले शो होत.

पुढे त्या पेट्या आटल्या. चीनच्या बंदुकांवर 1994 मध्ये आयातबंदी आली. पूर्व युरोपातली गोदामे हळूहळू रिकामी झाली. 2014 नंतर रशियावरच्या निर्बंधांनी उरलेला ओघ थांबवला. त्या काळातली तीच मोसिन आज कित्येक शे डॉलर मागते. 1999 मध्ये ईबेने बंदुकांची विक्री बंद केली आणि त्याच वर्षी गनब्रोकर सुरू झाले. त्यानंतरचा बदल पेट्या आटण्यापेक्षाही खोलवरचा आहे. एके काळी दुर्मीळ कोल्टची खरी किंमत विकणाऱ्याला माहीत नसायची आणि घेणाऱ्याला माहीत असायची, किंवा उलट असायचे. शोमधली सारी गंमत या अंतरात होती. आता टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या खिशात फोन आहे आणि तीच वस्तू गेल्या महिन्यात ऑनलाइन लिलावात कितीला गेली, हे दोघांनाही अर्ध्या मिनिटात कळते. घबाड मिळण्याच्या आशेने शोला जाणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

नवी बंदूक आणि काडतुसे

नवे ग्लॉक 19 पिस्तूल किंवा रुगर 10/22 रायफल घ्यायची असेल, तर शोला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शोमध्ये नवा माल मांडणारा विक्रेता बहुधा जवळपासच्याच एखाद्या गावातला दुकानदार असतो आणि त्याच दुकानातला माल त्याने दोन दिवसांसाठी टेबलावर आणलेला असतो. किमतीतला फरक मोजका असतो आणि 10 ते 20 डॉलरचे तिकीट, गाडी लावण्याचे पैसे व दीड तासाची गर्दी यांत तो फरक खर्ची पडतो. दुकानात मूठ हातात नीट बसते का हे शांतपणे पाहता येते, काही दुकानांत तेच मॉडेल शेजारच्या मैदानावर झाडून पाहता येते आणि महिनाभराने चाप अडखळू लागला तर कुणाकडे जायचे हे ठाऊक असते. परवानाधारक विक्रेता दुकानात असो वा शोमध्ये, बॅकग्राउंड चेक, म्हणजे खरेदीदाराला बंदूक घेण्याची कायद्याने मुभा आहे का याची तपासणी, तोच असतो. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या एनआयसीएस या केंद्रीय तपासणी यंत्रणेकडून उत्तर बहुतेक वेळा काही मिनिटांत येते. ‘शोमध्ये कागद लागत नाहीत’ असा जो समज आहे, तो परवानाधारक विक्रेत्याच्या टेबलाला लागू होत नाही.

ऑनलाइन किंमत पहिल्या नजरेत सर्वांत कमी दिसते, पण ती पूर्ण किंमत नसते. बंदूक घरी येत नाही. ती आपल्या राज्यातल्या परवानाधारकाकडे येते आणि तो हस्तांतराचे साधारण 20 ते 50 डॉलर घेतो. त्यावर पाठवणीचा खर्च असतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात निकाल दिल्यानंतर राज्याबाहेरच्या विक्रेत्याकडून विक्रीकर न भरता वस्तू मिळण्याचे दिवसही सरले. गावातल्या दुकानदाराला ऑनलाइन किंमत दाखवून ‘यात काय करता येईल’ असे सरळ विचारावे. हा उपाय मला बऱ्याचदा उपयोगी पडला आहे.

काडतुसांचा हिशेब थोडा वेगळा आहे. दर काडतुसामागची किंमत काढून तुलना केली, तर मोठ्या खरेदीत ऑनलाइन विक्रेता पुढे असतो आणि बहुतेक राज्यांत डबे घरपोच येतात; कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये तसे होत नाही. शोमध्ये पाठवणीचा खर्च वाचतो आणि शिसे जड असल्याने तो खर्च नगण्य नसतो. जे स्वतः काडतुसे भरतात, त्यांच्यासाठी मात्र शो निर्विवाद सरस ठरतो. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर घरी मागवल्यास धोकादायक मालाच्या वाहतुकीचे वेगळे शुल्क लागते. शोमध्ये तोच डबा उचलून गाडीत ठेवता येतो. याउलट, प्लास्टिकच्या पिशवीत सुटी भरलेली, कुणीतरी घरी तयार केलेली काडतुसे कितीही स्वस्त असली तरी घेऊ नयेत. त्यात किती पावडर आहे हे फक्त भरणाऱ्याला माहीत असते आणि त्यालाही ते नक्की माहीत असेल याची खात्री नसते.

जुने शस्त्र: इथे तुलना उलटते

जुन्या शस्त्राची किंमत त्याच्या खरेपणावर ठरते आणि हा खरेपणा छायाचित्रात दिसतोच असे नाही. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला नंतर कुणी नवी निळाई (गंजापासून वाचवणारा पोलादावरचा निळसर-काळा थर) चढवली असेल, तर छायाचित्रात ते शस्त्र अधिकच देखणे दिसते. हातात घेतल्यावर मात्र कडा घासून बोथट झालेल्या जाणवतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा लागतो, शिक्क्याची अक्षरे एका बाजूने पुसट असतात आणि गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही निळाई पोहोचलेली दिसते. हे चार पुरावे एकत्र मिळाले की किंमत निम्म्यावर येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या लुगर पिस्तुलाच्या लहानलहान भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन अंक कोरलेले असतात. ते सगळे जुळतात का आणि जुळत असले तर ते नंतर ठोकलेले नाहीत ना, हे भिंग घेऊन पाहावे लागते. नळीतून प्रकाश टाकून आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) किती शिल्लक आहेत हे पाहणे तर प्रत्यक्ष हजेरीशिवाय अशक्यच आहे.

एम1 गॅरंड ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्कराची रायफल याचे उत्तम उदाहरण आहे. या रायफलीच्या सुट्या भागांवर अनुक्रमांक नसतो, रेखाचित्राचे क्रमांक असतात, आणि युद्धानंतर लष्करी कारखान्यांत दुरुस्ती होताना बहुतेक गॅरंडचे भाग एकमेकींत मिसळून गेले. त्यामुळे टेबलावर ‘सर्व भाग मूळचे’ अशी चिठ्ठी लावलेली गॅरंड दिसली, तर ती कुणीतरी अलीकडे भाग शोधून जुळवलेली असण्याची शक्यता बरीच मोठी असते. तशी जुळवणी करण्यात गैर काही नाही. जुळवणीचे पैसे मूळपणाच्या दराने मोजण्यात आहे. केवळ झाडण्यासाठी गॅरंड हवी असेल, तर शो आणि लिलाव दोन्ही बाजूला ठेवून लष्कराच्या जुन्या रायफली नागरिकांना विकणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या संस्थेकडे वळावे. अलाबामातल्या अॅनिस्टन आणि ओहायोतल्या कॅम्प पेरी इथे त्यांची विक्री केंद्रे आहेत आणि टपालानेही मागणी नोंदवता येते. मात्र तिथे नागरिकत्वाचा पुरावा आणि संलग्न क्लबचे सभासदत्व मागितले जाते.

ऑनलाइन लिलावाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एखादी ठरावीक वस्तू, ठरावीक वर्षाची आणि ठरावीक शिक्क्याची हवी असेल, तर शोमध्ये ती दहा वर्षे दिसणार नाही आणि लिलावाच्या यादीत तीन सापडतील. अनेक विक्रेते वस्तू हाती आल्यावर तपासणीसाठी तीन दिवसांची मुदत देतात. शिवाय विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमतींची नोंद ही शोला जाणाऱ्यासाठीही बहुमोल शिदोरी आहे. फक्त मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत होऊ देऊ नये. रॉक आयलंड ऑक्शन कंपनीसारख्या मोठ्या घरांचे विश्व निराळे आहे. 2022 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरांची जोडी तिथे 51 लाख डॉलरपेक्षा जास्त किमतीला गेली. अशा ठिकाणी हातोडा पडलेल्या रकमेवर खरेदीदाराकडून वेगळा प्रीमियम घेतला जातो, हे बोली लावण्याआधीच हिशेबात धरावे. अतिशय महाग वस्तूसाठी मात्र कारखान्याच्या नोंदीचा आधार घ्यावा, मग ती कुठेही मिळो. वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियममधून ठरावीक अनुक्रमांकांच्या विंचेस्टर रायफलींची मूळ नोंद पत्राने मिळते आणि कोल्ट कंपनीच्या दप्तरातूनही तसे पत्र मागवता येते.

आपल्याकडच्या शौकिनाला या जुन्या टेबलांवर आणखी एक ओढ असते. 1962 च्या युद्धानंतर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्ड या ब्रिटिश सैनिकी रायफलीच्याच घडणीची, पण 7.62 नाटो काडतुसासाठी नव्याने बनवलेली 2ए1 ही रायफल भारतातून निवृत्त होऊन मोठ्या संख्येने अमेरिकेत आली. चौकोनी, बारा काडतुसांचे मॅगझिन आणि मुठीजवळच्या धातूच्या पट्ट्यावर आरएफआयचा (रायफल फॅक्टरी, इशापूर) शिक्का व साल, या तिच्या खुणा आहेत. टेबलावर ती बऱ्याचदा नुसती ‘एनफील्ड’ म्हणून ठेवलेली असते आणि काही वेळा .303 समजून. चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) नीट तपासल्याशिवाय त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. काही आयातदारांनी या रायफली कापून ‘जंगल कार्बाइन’च्या रूपात आखूड केल्या. त्यांना संग्राहकाच्या दृष्टीने मूळ 2ए1 चे मोल नाही, तरी किंमत मात्र कधीकधी तेवढीच मागितली जाते. काडतुसांच्या सुट्या खोक्यांत हात घातला, तर बुडावर केएफ अशी अक्षरे असलेले .303 काडतूस हाती लागू शकते. ते 1869 पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे असते. ओएफव्ही ही अक्षरे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची. ही काडतुसे संग्रहासाठी घ्यावीत, झाडण्यासाठी घेऊ नयेत. त्यांच्या भरवशाबद्दल अमेरिकी नेमबाजांत फारसे चांगले बोलले जात नाही, आणि खडकीच्या नावाविषयीचा आपला जिव्हाळा चेंबरमध्ये कामाला येत नाही.

त्याहून मागे जायचे असेल, तर जुन्या शस्त्रांच्या शोमध्ये तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या, भारतीय बंदुकाही दिसतात. 2003 मध्ये नेपाळच्या लगन सिलेखान्यातला, म्हणजे शस्त्रागारातला, जुना साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत आणला आणि त्यातल्या मार्टिनी घडणीच्या रायफली आजही टेबलांवर फिरत असतात. 1898 किंवा त्याआधी बनलेले शस्त्र केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने पुरातन ठरते आणि त्याला फॉर्म 4473 ची गरज नसते. काही राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत.

कोणता शो

शो म्हणजे सगळीकडे एकच असे धरून चालल्याने पुष्कळांचा पहिला शनिवार वाया जातो. दर महिन्या-दोन महिन्यांनी गावोगाव फिरणारा, आयोजक कंपनीने भरवलेला शो हा सर्वसाधारण प्रकार आहे. जर्की, टी-शर्ट, होल्स्टर, नव्या पिस्तुलांची भिंत आणि कोपऱ्यात चार-दोन जुने विक्रेते, असे त्याचे रूप असते. इथे वर्षातून एकदा जाणे पुरे. बंद पडलेल्या मॉडेलचे मॅगझिन, जुना स्क्रू, काडतुसे भरण्याची कुठेही न मिळणारी डाय (साचा) असे काही शोधत असाल, तरच दुसऱ्यांदा जावे. तशा वस्तू खोक्यांच्या तळाशी खरोखर सापडतात आणि ऑनलाइन यादीत त्या कुणी टाकलेल्याच नसतात, कारण तीन डॉलरच्या वस्तूचे छायाचित्र काढायला कुणाला वेळ नसतो.

संग्राहकांच्या संघटनांनी भरवलेले शो हा दुसरा आणि माझ्या मते खरा प्रकार आहे. मेरीलँडमध्ये टिमोनियम इथल्या जत्रेच्या मैदानावर भरणारा बाल्टिमोर अँटिक आर्म्स शो जुन्या शस्त्रांपुरता मर्यादित असतो. केंटकीतल्या लुइव्हिलचा ‘शो ऑफ शोज’ लष्करी वस्तूंसाठी ओळखला जातो. 1937 मध्ये स्थापन झालेल्या ओहायो गन कलेक्टर्स असोसिएशनचे शो सभासदांसाठी असतात आणि हा अडसर तिथल्या मालाच्या दर्जाला उपकारकच ठरतो. अशा ठिकाणी टेबलामागचा माणूस चाळीस वर्षे एकाच जातीच्या रायफलीच्या मागे लागलेला असतो आणि गर्दी नसताना त्याला नम्रपणे विचारले, तर तो दोन तास बोलतो. आपली वस्तू विकली गेली नाही तरी त्याला चालते. मला स्वतःला लुगरवरचे नकली शिक्के ओळखायला शिकवले ते असाच एक म्हातारा विक्रेता आणि त्याच्या टेबलावरची तीन पिस्तुले यांनी. त्या दिवशी मी काहीच विकत घेतले नव्हते.

ओक्लाहोमातल्या तुल्सा इथला वानेनमाकर शो या दोन्ही प्रकारांच्या पलीकडे आहे. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये, चार हजारांहून अधिक टेबले एका छताखाली मांडली जातात. एका दिवसात तो पाहून होत नाही. जुन्या शस्त्रांची आवड असलेल्याने आयुष्यात एकदा तरी तिथे जावे, असे मी सांगेन. जवळच क्लेरमोर गावात जे. एम. डेव्हिस यांच्या हजारो बंदुकांचे संग्रहालय आहे; ते शुक्रवारी पाहून घ्यावे, म्हणजे शनिवारी टेबलांवर काय पाहायचे याची नजर तयार होते.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांचा निर्णय मात्र राज्याने बराचसा घेऊन टाकला आहे. 2021 च्या आरंभापासून डेल मारच्या मैदानावर आणि 2023 पासून राज्याच्या मालकीच्या सर्व जागांवर बंदुका व काडतुसांची विक्री बंद आहे. 2024 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. तिथे दुकान किंवा परवानाधारकामार्फत ऑनलाइन खरेदी हेच दोन मार्ग व्यवहार्य उरले आहेत.

राज्याची सीमा आणि खासगी विक्रेता

दूरच्या शोला जाण्याआधी एक नियम पाठ असावा. दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारकाकडून लांब नळीची बंदूक दोन्ही राज्यांच्या कायद्यांत बसत असेल तर घेता येते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मात्र तिथून थेट नेता येत नाही, ते आपल्या राज्यातल्या परवानाधारकाकडे पाठवून घ्यावे लागते. परवाना नसलेल्या व्यक्तीकडून परराज्यात जाऊन काहीच घेता येत नाही. या अडचणीवर संग्राहकाकडे एक उत्तम तोडगा आहे. ‘क्युरिओ अँड रेलिक’ हा संग्राहकाचा परवाना तीन वर्षांसाठी 30 डॉलरला मिळतो आणि मूळ स्थितीतल्या, 50 वर्षांहून जुन्या बंदुका त्यावर परराज्यातूनही घेता येतात. तो व्यापारासाठी नाही आणि खरेदी-विक्रीची वही काटेकोर ठेवावी लागते. तरीही जुन्या शस्त्रांच्या शोला वर्षातून दोनदा जाणाऱ्याने तो घेतलाच पाहिजे.

खासगी विक्रीवरून गन शोंबद्दल जो वाद आहे, तो शौकिनाने उडवून लावू नये. केंद्रीय कायदा परवाना नसलेल्या व्यक्तीला आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या रहिवाशाला बॅकग्राउंड चेकशिवाय बंदूक विकू देतो. 1999 मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडात वापरल्या गेलेल्या चारपैकी तीन बंदुका हल्लेखोरांच्या एका प्रौढ मैत्रिणीने आदल्या वर्षी अशाच शोमध्ये खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. त्यानंतर 2000 मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी शोमधल्या प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली आणि आज अनेक राज्यांत खासगी विक्रीलाही ती लागते. दुसरी बाजूही आकड्यांत आहे. केंद्रीय न्यायखात्याच्या 2016 मधल्या कैद्यांच्या सर्वेक्षणात, गुन्ह्याच्या वेळी बंदूक जवळ असलेल्यांपैकी जेमतेम 0.8 टक्क्यांनी ती गन शोमधून मिळवली होती. एक प्रसंग किती भयंकर असू शकतो आणि एकूण प्रमाण किती असते, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. खरेदीदार म्हणून माझा व्यवहार साधा आहे. खासगी विक्रेता आवडला तरी मी त्याला शोमधल्याच एखाद्या परवानाधारकाच्या टेबलावर चेक करून हस्तांतर करू या, असे सुचवतो. जो तयार होत नाही किंवा आपले ओळखपत्र दाखवायला कचरतो, त्याची बंदूक चोरीची असण्याचा धोका मी पत्करत नाही.

मग काय ठरवावे

पहिलीच बंदूक घेणाऱ्याने दुकानात जावे. शोमधली गर्दी, गलका आणि ‘आज घेतलीत तर एवढ्याला’ हा आग्रह नवख्याला घाईत लोटतो. ते टाळण्यासाठी दुकानात पन्नास डॉलर जास्त गेले तरी चालतील. स्पर्धात्मक नेमबाजी करणाऱ्याने बंदूक दुकानातून, काडतुसे ऑनलाइन आणि प्रायमर-पावडर शोमधून घ्यावी. वस्तू नेमकी ठाऊक असलेल्या, पण ती पारखण्याइतका अनुभव नसलेल्या माणसाने ऑनलाइन घ्यावे, मात्र तपासणीची मुदत देणाऱ्याकडूनच. ज्याला जुनी शस्त्रे हातात धरून शिकायची आहेत, त्याच्यासाठी संघटनेच्या शोला तीन तास गाडी चालवणेही परवडते.

जाताना नळीत टाकायचा छोटा दिवा, भिंग आणि रोख पैसे बरोबर ठेवावेत. आपली बंदूक नेली असेल तर ती रिकामी करून दाराशी द्यावी. तिथे तिला प्लास्टिकची पट्टी बांधतात. टेबलावरचे शस्त्र विचारल्याशिवाय उचलू नये आणि परवानगी नसताना चाप ओढू नये. जुन्या शस्त्रावर रिकामा घोडा पाडणे मालकाला शिवीसारखे लागते. घासाघीस करायची असेल तर रविवारी दुपारनंतर करावी. तोपर्यंत विक्रेत्याने टेबलाचे भाडे वसूल केलेले असते किंवा ते वसूल होणार नाही हे त्याला कळून चुकलेले असते आणि दोन्ही स्थितींत तो ऐकून घेतो. चांगली वस्तू हवी असेल तर मात्र शनिवारी दार उघडण्याआधी रांगेत उभे राहावे. तुल्साचा विचार असेल आणि क्युरिओ परवाना नसेल, तर अर्ज आत्ताच पाठवावा, कारण तो हाती यायला काही आठवडे सहज जातात.